सुतारकामाला नऊ नावं

२७ जानेवारी

ड्रायर आज वर्गाच्या दारातच उभा राहिला. आत आला नाही — बुटांना भुसा लागतो! "आयली, पुढच्या वर्षासाठी पंधरा नावं आली तर सुतारकाम राहील. नाहीतर माझा नाइलाज आहे." मुख्याध्यापक झाल्यापासून या माणसाचा नुसता नाइलाजच होतोय. म्हणे, पालकांना कॉलेजच्या अर्जात उठून दिसतील असे विषय हवेत.

उठून दिसतील! गेल्या वर्षी माझ्या पोरांनी अख्खी होडी बांधून सुपीरिअर सरोवरात उतरवली. बुडाली असती तर निदान बातमी तरी झाली असती.

सिग्नेचं नाव तर येईलच. माझीच लेक, दुसरीकडे कुठे जाणार?

३ फेब्रुवारी

विषयनिवडीची संध्याकाळ. शाळेच्या जेवणघरात प्रत्येक विषयाचं टेबल. संगणकापुढे रांग. माझ्यापुढे मुलांनी केलेली स्टुलं, आणि त्यांवर बसून कॉफी पिणारे दमलेले बाप.

एक मुलगी रंध्यावरून हात फिरवत होती. "चालवून बघू?" तिच्या आईने कोपराला धरून ओढलीच. मला म्हणाली, "छंद म्हणून छान आहे हो. पण कॉलेजवाले याला काही वजन देतात का?" मी म्हटलं, "ओकच्या लाकडाचं स्टूल आहे, उचलून बघा." हसली. टोमणा कळलाच नाही बाईला!

५ फेब्रुवारी

जेवताना सिग्ने ताटात बघत म्हणाली, "आई, मी सुतारकाम घेत नाहीये. वरच्या पातळीचं संख्याशास्त्र घेतेय."

मी बटाटे तिच्यापुढे सरकवले. तर तीच सुरू झाली. "तुझ्या वर्गात पहिली आले तरी सरासरीत चारच गुण धरतात. तिकडे पाच. आमच्या वर्गातला एरिक हाल्वर्सन गुणांत माझ्यापुढे आहे, एवढासाच! तुला बरं वाटावं म्हणून मी मागे राहू?"

"मी म्हटलं का तसं?"

"म्हणायला कशाला लागतं? तोंडावर दिसतंय."

रॉडनी म्हणाला, "तिचं आयुष्य आहे, आयली." नवऱ्याचं काय जातंय! तो काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायच्या गाडीवर. बर्फ काही कुणाचे गुण बघून पडत नाही.

पातेलं आपटलं मी. पोचा पडला.

६ फेब्रुवारी

ती आज बसने शाळेत गेली. मी गाडीने, एकटीच.

१४ फेब्रुवारी

नऊ नावं. वर्ग बंद.

तिचं धरलं असतं तरी दहाच. म्हणजे तिच्यामुळे काही बुडालं नाही — हे मला स्वच्छ कळतं. तरी सकाळी तिचा डबा भरायला हात उचलेना. "तुझा तू भर," म्हटलं. तिने भरला. झाकण लागेना, तसाच घेऊन गेली.

९ जून

यंत्रं विकली. मोठी करवत डुलुथचा एक जण घेऊन गेला. "काय जपलीय हो!" म्हणाला. मी मान हलवली आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

त्या खोलीत आता गालिचा घालणार. पाटी लागेल — कॉलेज प्रवेश मार्गदर्शन केंद्र! ड्रायर म्हणतो, "तिथे कुणीतरी लागेलच. मुलं तुझं ऐकतात." पेन्शनला अजून तीन वर्षं आहेत.

हो म्हणाले. लाज वाटली. तरी हो म्हणाले.

२० ऑक्टोबर

आमचा समुपदेशक ब्रँट शाळेच्या पायऱ्यांवर भेटला. "आयली! सिग्नेने अर्जाला जोडलेला निबंध वाचलास? डोळ्यांत पाणी आलं माझ्या! आईबरोबर होडीच्या फळ्या वाफेवर वाकवणं, तो ओल्या लाकडाचा वास... याच्यावर प्रवेश मिळणार बघ!"

मला पत्ताच नाही. वर्ग नको होता, वर्गाची आठवण चालते! उठून दिसते ना!

घरी विचारलं, "कशाला लिहिलंस ते?"

सिग्ने पलंगावर बसली होती. "कारण माझ्याकडे खरं असं तेवढंच होतं."

"मग वर्गात का नाही आलीस?"

"आले असते तर गुण खाली गेले असते. मग निबंध कुणी वाचलाच नसता, आई."

खोटं नाही बोलली. तेच जास्त लागलं.

१५ डिसेंबर

मिळाला प्रवेश. पूर्वेकडचं मोठं कॉलेज. रॉडनी गॅरेजमध्ये जाऊन रडला. मीही तिला मिठी मारली, घट्ट. आनंद होता. रागही होता. दोन्ही तिला कळले असणार. सोडवून घेतलं नाही तिने.

२८ जानेवारी

परत विषयनिवड. सकाळीच चहाच्या खोलीत गायनाची लोर्ना डोळे पुसत होती — यंदा तिच्या वर्गाला मुलं कमी पडतायत.

दुपारी टिल्डा म्हणून एक मुलगी मार्गदर्शन केंद्रात माझ्यासमोर येऊन बसली. "मला गायला फार आवडतं, मिसेस कांगस. पण घरचे म्हणतात रसायनशास्त्र घे. तुम्ही सांगाल ते घेते."

मी म्हटलं, "रसायनशास्त्र घे. गाणं काय, घरीही म्हणता येतं."

"बरं," म्हणाली, आणि गेली.