आत्याबाईंचा रिपोर्ट

पणदरे,
ता. १२ डिसेंबर १९९७

चि. सोपानभाऊजी यांस,
नकोशीवहिनीचे अनेक आशीर्वाद. पुण्यात थंडी बरीच असेल, पोरांना जपा. तुमचा दवाखाना जोरात चालत असेलच.

आधी तुमच्या आईचं सांगते, कारण पत्रात तुम्हाला तेवढंच वाचायचं असतं. आत्याबाई दिसायला ठणठणीत आहेत. परवा तीन पुरणपोळ्या खाल्ल्या, वर वाटीभर दूध. जूनपासून तुमचे थोरले बंधू त्यांना तळहातावर झेलतायत. बारामतीचे पेढे काय, नवं घोंगडं काय. मी विचारलं तर म्हणाले, "तुला काय करायचंय?" आत्याबाईंनाही कोडं पडलंय. मलाच विचारतात, "जोत्या असा का वागतुया गं? मी मरायला लागलीया व्हय?"

माझं चाललंय. दिवाळीपासून पोट फुगलंय, चार घासांत बास वाटतं. शेजारची म्हाळसा म्हणाली, "ह्या वयात पाळणा हलवतीस का काय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. सोमवारी एकटीच बारामतीला जाऊन सोनोग्राफी करून आले.

तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नाही. गेल्या वर्षी कॅन्सरची गाठ काढल्यापासून आत्याबाईंच्या अंगात बिरोबा येईना. रक्त सांडलं म्हणून देव रुसला, असं त्यांनी मनात धरलं. आणि तुमची तर दर तीन महिन्यांनी चिठ्ठी: गाठ परत येतेय का ते रक्तातल्या आकड्यावरून कळतं, बारामतीत रक्त द्या, रिपोर्ट माझ्याकडे येईल. पहिल्याच वेळी आत्याबाई लॅबबाहेरच्या बाकड्यावरून उठेनात. "थेंबबी द्यायची न्हाय. तुझं दे जा."

रिपोर्ट गेला नाही तर तुम्ही ह्यांच्यावर ओरडणार, आणि ह्यांचा हात माझ्यावर उठणार. आत गेले, बाही वर केली. चिठ्ठीवर भामाबाई, वय अडुसष्ट. मी छत्तीसची. रक्त काढणाऱ्यानं तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या दोन्ही वेळी तेच केलं. दोनदा तुमचं उत्तर आलं, 'आईचं रक्त छान आहे.' आम्ही सासूसुना पोट धरून हसलो.

तिसऱ्या वेळचं उत्तर मात्र जूनमध्ये ह्यांच्या नावानं आलं होतं. ते काल कोटाच्या खिशात सापडलं. डॉक्टर असून अक्षर सुवाच्य आहे तुमचं. 'आकडा पंधरावरून दोनशे चाळीसवर गेलाय. आईचं वय झालं, आता फाडाफाडी नको, रक्तही देऊ नका. हवं ते खाऊ घाल. वहिनीला सांगू नकोस, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.'

खरंच भिजत नाही, भाऊजी. मला सांगितलं असतंत तर त्याच दिवशी बोलून बसले असते, की ते रक्त माझं आहे.

सोनोग्राफीवाले डॉक्टर म्हणाले, पोटभर पसरलंय, बाई, सहा महिन्यांपूर्वी का आला नाहीत? त्याचं उत्तर मला काल ह्यांच्या खिशात सापडलं.

ह्यांना अजून बोलले नाही. आईसाठी गोठ्यात जाऊन रडतात बिचारे. बायकोसाठी कितपत रडतील, ते बघायची मला हौस नाही.

अडुसष्टाव्या वर्षी काही करायचं नाही, हे तुम्ही एका ओळीत ठरवलंत. छत्तिसाव्या वर्षी काय करतात ते उलट टपाली कळवा. मला जगायचंय, भाऊजी. तुमचा राग येतो, त्याहून जास्त भीती वाटते.

आणि हो, आत्याबाईंचं रक्त ऑपरेशननंतर एकदाही तपासलेलं नाही. त्यांच्या अंगात काय आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही नि मलाही नाही. या वेळी स्वतः या आणि बाकड्यावरून त्यांना उठवून दाखवा. माझा हात आता पुढे होणार नाही.

तुमच्या आईच्या नावावर मरायला टाकलेली,
नकोशी