सत्तराव्या वर्षी

प्रिय शहाणे,

पाळकांना परस्पर फोन करून व्याख्यान रद्द करायचं, आणि ते मला कळायचं कुणाकडून, तर माझ्या नणंदेकडून, तेही आपल्या लाँड्रीत चार गिऱ्हाइकांसमोर, ती तिच्या नवऱ्याचा कोट परत घेत असताना. ही कुठली रीत गं? वर कारण काय, तर म्हणे ताईला चर्चच्या मंडळीत मान खाली घालावी लागेल. माझी मान माझ्या खांद्यांवर आहे. ती फक्त इस्त्री करताना खाली जाते, आणि तेव्हाही डोळे गिऱ्हाइकावर असतात. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे, तेव्हा हसायचं नाही.

बायबलातली, येशूची गोष्ट सांगणारी चार शुभवर्तमानं कुणी, कधी, कशी लिहिली यावर तू चर्चच्या हॉलमध्ये बोलणार होतीस. फळ्यावर लागलेलं वाचून दोन बायकांनी, त्यात माझी नणंद, नाकं मुरडली आणि तू पळालीस. त्यासाठी ग्रीक शिकलीस? काचेखालचे कागदाचे तुकडे वाचून डोळ्यांना चष्मा लावून घेतलास? तुझ्या पोटच्या भाषणापेक्षा माझ्या नणंदेचं नाक मोठं झालं होय? पाळकांना मी विचारलं, यात पाप आहे का. ते म्हणाले, हे सगळं त्यांनीही शिकताना वाचलंय, इतकी वर्षं कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाहीत. घ्या. एक घाबरून गप्प, दुसरा न विचारल्यामुळे गप्प.

नणंदेनं मला त्या दिवशी चांगलंच कोपऱ्यात घेतलं होतं. म्हणाली, वर्तमान म्हणतात ना त्याला, मग येशूनंतर चाळीस वर्षांनी कसं लिहितील? शुभभूतकाळ म्हणा की. गिऱ्हाइकं हसली. मला उत्तर सुचलं ती कोट घेऊन गेल्यावर, दुसऱ्याच कुणाच्या चादरीवर पाणी मारताना. अगं, वर्तमान म्हणजे बातमी, आणि बातमी आधी तोंडानंच धावते. बघितलेली माणसं शेजारी बसलेली असताना लिहीत कोण बसतं? ती माणसं एकेक करून जायला लागली की मग कागद आठवतो. हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस. मला ते पटकन कळलं, कारण आपल्या घरात तेच झालंय.

आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतीस. तुझ्याकडे आई आहे ती सगळी आमच्या तोंडची. ती बाजारातली कुत्र्याची गोष्ट आठव. बाबा सांगायचे, कुत्रा अंगावर आला, तिनं त्याच्या तोंडासमोर छत्री उघडली, तो पळाला. संपलं. मावशीच्या गोष्टीत कुत्रे दोन, आणि वासराएवढे. मी तर आईचं बोट धरून तिथे उभी होते, तरी माझ्या गोष्टीत आई छत्री उघडून वर त्या कुत्र्याला दोन शब्द सुनावते. आता ते शब्द तिचे की माझे, देव जाणे. तू इस्त्रीच्या टेबलाखाली बसायचीस, एवढीशी होतीस. एकदा तिथूनच म्हणालीस, "बाबांची गोष्ट सगळ्यांत आखूड, म्हणजे ती आधीची. कुत्रे नंतर वाढले." मावशी भडकली, कार्टी आईला खोटी पाडते म्हणाली. तू डोकं बाहेर काढलंस आणि म्हणालीस, "छत्री तिघांच्याही गोष्टीत आहे ना? मग आईनं छत्री उघडलीच होती."

त्या दिवशी माझ्या हातून एका गिऱ्हाइकाची कॉलर जळाली. मी ते इस्त्रीवर ढकललं, पण खरं म्हणजे मी तुझ्याकडे बघत राहिले होते. ही पोरगी कुणीतरी होणार, हे मला तेव्हाच कळलं. तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण तू आधीच शहाणी, अजून चढली असतीस. आणि कुत्रे मोजून माझी आई कमी झाली नाही, उलट तुझ्यामुळे मला ती जास्त खरी वाटायला लागली.

आता का लिहिते आहे ते ऐक. तू नाही म्हणालीस, म्हणून बुधवारी बायकांच्या सभेत मीच उभी राहिले आणि तुझं व्याख्यान देऊन टाकलं. छान चाललं होतं. पण बोलण्याच्या भरात 'इसवी सन' गिळलं आणि म्हणाले, चौघांत मार्कनं सगळ्यांत आधी लिहिलं, सत्तराव्या वर्षी. आता सगळी मंडळी धरून बसली आहे की मार्कनं सत्तरी गाठल्यावर लेखणी उचलली. पुढच्या महिन्यात सत्तरीचे होणारे ऑर्गनवाले काका जाडजूड वही घेऊन दुकानात आले, म्हणाले, मार्कला जमलं तर मला का नाही. त्यांची बायको मला दुवा देते आहे, म्हातारा घरात गप्प बसला म्हणून. नणंदेनं तर हिशोबच मांडलाय: मत्तय त्याच्या नंतरचा, म्हणजे नव्वदीचा, त्याचा हात थरथरत असणार. पण म्हणाली, शहाणी येणार असेल तर माझी खुर्ची पहिल्या ओळीत ठेवा, तिलाच विचारते. हे निस्तरणं माझ्या चौथीच्या शिक्षणात बसत नाही. रविवारसाठी घेतलेला हॉल मी सोडू दिलेला नाही. टेबलावरचं कापड कडक इस्त्री करून ठेवलंय. आणि फळ्यावर तुझ्या नावाखाली काय लिहायचं ते पाळकांना मीच सांगितलं: लाँड्रीवाल्या ताईंची बहीण. ते पुसलंस तर मात्र माझी मान खरंच खाली जाईल. समोर एक असो नाहीतर दोन, तू छत्री उघडायची. येत्या शुक्रवारी दुकान बंद करायच्या आत तुझा होकार आला पाहिजे. नाही आला, तर रविवारी पुन्हा मीच उभी राहीन, आणि योहानाचं वयही मीच सांगेन.

तुझीच, आणि तुझ्यामुळेच ताठ मानेची,
ताई