उपस्थितांमध्ये माझं नाव

बाळकुम, मंगळवार, संध्याकाळी सात

दहशतवादाच्या तपासात कुणाकुणाची माहिती परदेशी सरकारांना जाते, त्यावर देखरेख ठेवायला आमची समिती आहे. वर्षभरात ती एकदाही बसली नाही. आता दिल्लीने कागद मागितले, तर साहेबांनी न झालेल्या बैठकीचं इतिवृत्तच तयार केलं. उपस्थितांमध्ये माझंही नाव! बाकी सगळ्यांच्या सह्या झालेल्या, फक्त माझी राहिलेली.

म्हटलं, "सर, बैठकीची जी तारीख टाकलीय, त्या दिवशी मी रजेवर होते. कल्याणला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं."

"मग रजा रद्द दाखवू, मॅडम. तुमचीच एक सुट्टी वाचेल."

वाचेल म्हणे! सगळ्यांच्या सह्यांसमोर मी एकटी काय करणार होते? बाहेर कुणाला सांगायची सोय नाही, सगळंच गोपनीय. ज्यांची नावं परदेशात गेली, त्यांना तर आम्ही कोण हेही माहीत नाही. पण कागदावर आम्ही सगळं तपासलंय. मी तपासलंय.

घरी आले तर आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "ऑपरेशनच्या वेळी ही बाहेर बसलेली ना, म्हणून मला भीती नाही वाटली."

दुपारीच सही करून आलेय, की त्या दिवशी मी कल्याणला नव्हतेच.