मातीला टेकलेली पाठ

कोल्हापूर,
४ डिसेंबर १९३५

प्रिय अक्का,

तुझं पत्र पोचलं. मार खाऊन माहेरी पळून आलेल्या शालूला न्यायला तिच्या सासरची माणसं सोमवारी येणार, दाजी म्हणतात पाठवून द्यावी, आणि पंचमंडळी म्हणतात पोरीचा मामा सांगेल तसं. एवढ्या मोठ्या माणसांनी एवढा मान दिलाय, तर मलाही जरा मिशीवर ताव देऊ दे. उत्तर देतो, पण आधी इकडची हकिकत ऐक. ती ऐकल्याशिवाय उत्तर तुला कळायचं नाही.

मी मजेत आहे. फिल्म कंपनीत पोटभर जेवण मिळतं, सकाळी दूध मिळतं आणि तालीमही सुटलेली नाही. आमचा नवा बोलपट आता पुरा होत आला. त्यात मी पाटील झालोय, आणि माणूस इतका वाईट आहे की मिशा रंगवून आरशात बघितलं तर माझं मलाच बोलावंसं वाटेना. या पाटलाच्या घरात जी सून तोंड उघडते ती विहिरीत सापडते. गाव म्हणतं, पाय घसरला. दोन सुनांचे पाय असे घसरल्यावर तिसरी खुनाचा माग काढते, आणि शेवटी विहिरीच्या काठावर पाटलाला टांग मारून उताणा पाडते, मोटेच्या नाड्यानं बांधून ठेवते. ही सून शहाजादीबाई करतात. अंगानं माझ्या निम्म्या, पण अशा रोखून बघतात की खून आपण खरोखरच केलाय असं वाटायला लागतं.

घोडं अडलं ते या टांगेपाशी. पैलवानाला एक वेळ उपाशी ठेव, पण पाठ मातीला टेकव म्हणू नकोस. खासबागेच्या मैदानात हजारो लोकांसमोर जी पाठ राखली, ती एका बाईच्या टांगेनं धुळीत पडलेली सगळ्या मुलखानं तिकीट काढून बघायची? कळंब्याच्या तळ्याजवळ चित्रण सुरू झालं. शहाजादीबाई टांग घालायच्या आणि मी दर वेळी कुशीवर पडायचो. ऊन कलेपर्यंत हेच. शेवटी डायरेक्टरसाहेब वैतागून म्हणाले, राहू द्या, आपण फौजदार आणू. तो पाटलाला गोळी घालेल आणि सून बाजूला उभी राहून रडेल. शहाजादीबाईंनी खोचलेला पदर सोडला आणि झाडाखाली जाऊन बसल्या. त्या भांडल्या असत्या तर मलाही भांडता आलं असतं, पण त्यांनी ती सोयच ठेवली नाही.

तालमीत इलाही वस्तादांना मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. वाटलं, पाठीवर थाप देतील. ते हौद्यातली माती खाली-वर करत होते. मान वर न करता म्हणाले, "कुस्तीत पाठ राखायची ती पैलवानकी. हितं पडायचा इडा उचललास आनि पडत न्हाईस, ही बेइमानी हाय. आनि बाईच्या हातनं पडायला भ्यालास, त्येला काय म्हनायचं ते तूच सांग की." अक्का, त्या दिवशी मला तीनच भाकरी गेल्या. यावरून काय ते समज.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन शहाजादीबाईंना पाय कुठे अडकवायचा, खांद्याला झटका कसा द्यायचा ते दाखवलं. गावकरी म्हणून कळंब्याच्या बायका आणल्या होत्या. त्यांना तोंडाला पदर लावून रडायला सांगितलं होतं. कॅमेरा सुरू झाला, बाईंनी टांग मारली आणि मी अख्खा उताणा झालो. खरं सांगू? पडल्या पडल्या आभाळ मोठं छान दिसत होतं. आणि रडायला आणलेल्या त्या बायका खळखळून हसायला लागल्या. तेवढ्यात त्यांच्यातली एक म्हातारी, तानाबाई तिचं नाव, पायातली वहाण काढून माझ्यापाशी आली. वाकून हळूच म्हणाली, "खोटं हाय, म्हाईत हाय मला. पर एक मारू दे की रं, पोरा." आणि मारलीही. चांगली सणसणीत. मी हललो नाही. डायरेक्टरसाहेबांनी कॅमेरा थांबवला नाही आणि आता म्हणतात, बोलपटाचा शेवट हाच.

नंतर तीच म्हातारी भाकरी-झुणका घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. लागलं का, म्हणून खांदा चोळायला लागली. मी हसत विचारलं, मावशी, ही कुणाच्या वाटची होती? म्हणाली, "माज्या बायडाच्या नवऱ्याच्या." लेक कुठं असते विचारलं, तर म्हणाली, गेली. मग बराच वेळ माझा खांदा चोळत राहिली. म्हणाली, "दर बारीला पळून यायची. दर बारीला आमीच न्हेऊन सोडली. तिच्या पायानं येकदा बी गेली न्हाई ती." अक्का, मला आपली शालू दिसायला लागली.

म्हणून हे पत्र. मी रविवारी निघतो आणि सोमवारी पाहुणे येतील तेव्हा दारात उभा असेन. त्यांना चहा देऊ, पण पोर देणार नाही. पंचांनी विचारलं तर मामा असं म्हणतो म्हणावं, आणि लोक नावं ठेवतील म्हणून दाजी घाबरत असतील तर म्हणावं, ती नावं मला ठेवू देत. माझी पाठ आता सगळा मुलूख बघणारच आहे. शालू, पोरी, आईला हे पत्र तूच वाचून दाखवत असशील. आता थांब, आधी सासरी जायला बांधून ठेवलेलं गाठोडं सोड आणि तुझी लुगडी दोरीवर टाक. मग पुन्हा पहिल्यापासून वाच, सोप्यात बसलेल्या तुझ्या बापाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तुझाच,
सयाजी