टिंकर्स कोव्हमधले माझे घर नर्सबाईंच्या बिऱ्हाडासाठी

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे स्मरण करून मी, फिलोमिना करीन, कै. अँब्रोज करीन यांची पत्नी, वय एक्याऐंशी, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार टिंकर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हाडे नाहीत, ती ठिसूळ झाली आहेत. पण हाडांवरून डोक्याची परीक्षा करू नये. हे माझ्या मुलीसाठी लिहिले, कारण ती तेच करते.

१. शवपेटी साध्या लाकडाची असावी, पितळी कड्या नकोत. बँकेतल्या पैशातून तो खर्च करावा, माझ्या व अँब्रोजच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये प्रार्थनेच्या मिस्सा अर्पाव्यात, आणि उरेल ते माझी मुलगी बर्नाडेट हिला द्यावे. अँब्रोजची नाव बांधायची हत्यारे गोदीवर ठेवावीत. ज्याला लागतील त्याने न्यावीत, पण धार लावून वापरावीत.

२. बर्नाडेटने अल्बर्टाहून पाठवलेले, गळ्यात घालायचे बटण तिला परत द्यावे. पडलात की दाबा, म्हणे. मी एकदा दाबून पाहिले. कुठल्या तरी शहरातली बाई विचारते, "घर क्रमांक?" मी म्हटले, "बाई, चर्चपासून तिसरं, हिरव्या दाराचं." ती पुन्हा म्हणते, "क्रमांक सांगा." इथे घरांना क्रमांक कधी होते? तेव्हापासून ते खुंटीला टांगलेले आहे.

३. चिंध्यांच्या सतरंज्या शेजारीण जेनीव्ह डाल्टन हिला. नर्सबाईंनी त्या जमिनीवरून उचलायला लावल्या, पाय अडकतो म्हणून. जेनीव्हने भिंतीवर लावाव्यात.

४. आता घर. हे कलम नीट वाचावे.

आमच्याकडे पुढचे दार पाद्री, डॉक्टर आणि शवपेटीसाठी असते. बाकी सगळे स्वयंपाकघराच्या दाराने, न ठोठावता, "आहेस का गं?" म्हणत आत येतात. नर्स रोवेना पाइक ऑक्टोबरात मुख्य भूमीवरून नव्याने आल्या. कसे पडू नये, हे शिकवायला त्या माझ्याकडे आल्या आणि त्यांनी पुढचे दार ठोठावले. माझ्या मनात आले, गेले कोणीतरी! मी धावले, पडले आणि डावे मनगट मोडले.

बाहेरून आवाज आला, "करीनबाई, सावकाश या हं, पडाल!"

मी म्हटले, "पडलेय. आता मागच्या दाराने या."

बाई चांगल्या आहेत, त्यांचा राग नाही. राग आहे तो शहरातल्या आरोग्य ऑफिसवर. नर्स दीड तासावर राहणार आणि आमच्याकडे फक्त मंगळवारी येणार. विचारले तर म्हणतात, कोव्हमध्ये नर्सला राहायला जागा मिळत नाही. कशी मिळेल? निम्मी घरे उन्हाळी पाहुण्यांनी घेतली आहेत आणि हिवाळाभर त्यांना कुलूप असते.

जेनीव्ह गुरुवारी पडली. मंगळवारची वाट पाहायला हवी होती तिने! मी गेले तर ती चुलीपाशी आडवी. मी आधी फोन केला. प्लास्टरमधल्या हाताने तिला उचलता येईना, म्हणून डोक्याखाली उशी दिली आणि शेजारी बसले.

ती म्हणाली, "फिल, तू कशाला बसलीस? आता आपल्या दोघींना कोण उठवणार?"

"गप्प बस आणि जप म्हण."

"मीच म्हणते. माझं कंबरडं मोडलंय, तोंड नाही, आणि तुझा सूर ऐकवत नाही."

रुग्णवाहिका आली तेव्हा आमची जपमाळ दुसऱ्यांदा संपत आली होती. त्यांनी आधी मला उठवले, मग तिला नेले. खुब्याचे हाड मोडले. आता हॉस्पिटल म्हणते, जवळपास नर्स असेल तरच घरी सोडू, नाहीतर शहरातल्या वृद्धाश्रमात. तिला तिथे समुद्रही दिसणार नाही. ती हे मला फोनवर रडत सांगते आणि वर म्हणते, सर्दी झालीय.

म्हणून हे घर, जमिनीसह, माझ्या पश्चात चर्चकडे द्यावे. त्यात कोव्हची नर्स राहील, बिनभाड्याने. सरपण तिने आणावे. घर विकू नये. बर्नाडेट फोनवर म्हणाली, "आई, घर मला ठेव की, आम्ही उन्हाळ्यात येत जाऊ." पोरी, किती उन्हाळे गेले ते तूच मोज.

५. इथवर लिहिले आणि माझाच मला संताप आला. माझ्या मरणापर्यंत जेनीव्हने थांबायचे कुठे? वरची खोली मी बर्नाडेटसाठी अंथरूण घालून राखली आहे. ती खोली नर्स रोवेना पाइक यांना आजपासून दिली.

वकीलसाहेब म्हणाले, "करीनबाई, मृत्युपत्रात जिवंतपणीचं लिहीत नसतात."

मी म्हटले, "मग तेवढं खोडा. खोली मात्र दिली."

नर्सबाई सामान घेऊन आल्या आहेत. वरून पलंग सरकवल्याचा आवाज येतो आहे. ऑफिसने होकार दिला आणि हॉस्पिटलनेही. सोमवारी जेनीव्हला घरी आणणार.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली. नर्सबाई आणि जेनीव्ह यांना यातून लाभ असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही.

(सही) फिलोमिना करीन

साक्षीदार:
१. सिरिल फोली, पोस्टमास्तर
२. रेजिना रोच, चर्चच्या ऑर्गनवादक

स्थळ: टिंकर्स कोव्ह, माझे स्वयंपाकघर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०१७