डाव्या बाजूचा रकाना

मुरबाड,
१ नोव्हेंबर २०००

ती. शेखरमामास,
नम्रताचा सविनय जयभीम, वि. वि.

आधी बातमी, मग खुशाली, कारण बातमी पोटात मावत नाही. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या हॉकी संघाला शहापूरच्या स्पर्धेत तीन सामने मिळाले आहेत, दहा ते बारा तारखेला. त्यावरून सर एका बॅकचं नाव ठाणे जिल्ह्याच्या निवडीला पाठवणार आहेत. बॅक म्हणजे गोलाच्या पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारी. आमच्या संघात आम्ही दोघी आहोत. डावीकडे मी, उजवीकडे ठमी.

ठमी मूळची शेणव्याची, इथं वसतिगृहात राहते. तिला खेळताना पाहिलंत तर भाचीला विसराल. मुरमाच्या मैदानावर गुडघे सोलवटून घेते, पण चेंडू हिसकावतेच. लोक तिच्या नावाने ओरडतात. ती माझी जिवाभावाची मैत्रीण आहे हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिच्यावर जळते. थोडी जळते.

सरांची अडचण अशी, की पुढे खेळणाऱ्यांचे गोल मोजता येतात, बॅकचं काय मोजायचं? म्हणून त्यांना नोंद ठेवणारं कुणीतरी हवं आहे. मी तुमचं नाव पुढे केलं. अठरा वर्षं भातसा धरणाच्या पाण्याची पातळी लिहिणारा माणूस भाचीसाठीसुद्धा खोटं लिहिणार नाही, असं ठणकावून सांगितलं. सर लगेच हो म्हणाले.

आता खरं दुखणं. बाबांनी जाहीर केलंय, की जिल्ह्यात निवड झाली तर खेळ, नाहीतर स्टिक माळ्यावर आणि मी टायपिंगच्या क्लासला. आईने मध्ये पडून पाहिलं, पण काही उपयोग झाला नाही. मामा, मला खेळायचं आहे. आजवर कुठलीच गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती.

मामींना जयभीम. तुमचा लोभ आहेच, त्या तीन दिवसांत जरा सढळ असू द्या.

तुमची,
नम्रता


भातसानगर,
५ नोव्हेंबर २०००

चि. नम्रता हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, मामीला दोनदा वाचून दाखवलं. तुझी मामी रत्नप्रभा तेव्हापासून शेजारणींना सांगत सुटली आहे, की आमच्या ह्यांना हॉकीवाल्यांनी बोलावणं धाडलंय. मीही तिला अडवलेलं नाही.

पण लोभ सढळ असू द्या, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. बाई गं, त्या तीन दिवसांत मी तुझा मामा नाही. मी नोंदणीस आहे, नुसता नोंदी लिहिणारा. तुझ्या नावापुढे एक रेघसुद्धा जास्तीची पडणार नाही आणि एक कमीही होणार नाही.

शंभर पानी वही घेऊन रेघा मारल्या आहेत. मिनिट, चेंडू कोणत्या बाजूने आला, कुणी हिसकावला. बाजू लिहायची सवय धरणावरची. तिथे पाणी सोडलं, की कोणत्या दरवाजाने सोडलं हे लिहावंच लागतं. सरावासाठी काल कॉलनीतल्या पोरांच्या खेळापाशी वही घेऊन बसलो, तर एक पोरगं येऊन विचारून गेलं, की काका, पाणी मोजून झालं काय? त्याला हाकललं. पण एका तासात पाच पानं भरली आणि मला या कामाची चटकच लागली. रात्रीची ड्युटी बदलून घेतली आहे. तिन्ही दिवस हजर राहीन.

चंदरभाऊजींना माझा जयभीम सांग आणि घाई करू नका म्हणावं. जयाताईच्या हातची भाकरी मैदानावर येणार असेल तर दोन जास्त आण.

नोंदणीसाचा लोभ नसतो, मामाचा मात्र आहे.

शेखर


मुरबाड,
१६ नोव्हेंबर २०००

ती. मामास,
सविनय जयभीम, वि. वि.

आज सरांनी नाव पाठवलं. ठमीचं.

तुमचा कागद सरांनी फळ्याशेजारी लावला होता. हिसकावलेले चेंडू: ठमी एकतीस, नम्रता नऊ. खाली तुमची सही, तारखेसकट. सगळ्या मुली वाचून माझ्याकडे न बघता निघून गेल्या. सर म्हणाले, की तू खेळतेस चांगली, पण गार आहेस, अंगावर जात नाहीस. मी हो म्हणाले. नऊ म्हणजे नऊच, त्यात तुमची काही चूक नाही. पण मामा, खरं सांगू? तीन दिवस मी कुणाच्या अंगाला अंग लागू न देता खेळले आणि मला वाटत होतं की मी फार छान खेळतेय. ते आठवलं की आता स्वतःचीच लाज वाटते.

ठमी माझ्यापेक्षा जास्त रडली. म्हणाली, की तुझ्याकडं कोण येतच नाय गो, समद्या माझ्याच अंगावर येतात, मंग माझंच नाव व्हनार नाय काय. मग आम्ही दोघींनी सरांच्या नावाने बोटं मोडली आणि एकेक वडापाव खाल्ला.

बाबांनी टायपिंगचा फॉर्म आणलाय. बुधवारी भरायचा आहे. ते रागावलेले नाहीत, उलट फार प्रेमाने वागताहेत आणि त्यानेच जास्त रडू येतंय. स्टिक मी अजून माळ्यावर ठेवलेली नाही, पलंगाखाली आहे.

मामींना सांगा, मी बरी आहे. माझ्यावर राग धरू नका, मीही धरलेला नाही.

नम्रता


भातसानगर,
१९ नोव्हेंबर २०००, रविवार

चि. नम्रता हिस अनेक, अनेक आशीर्वाद.

फॉर्म भरू नकोस! हे पत्र नथू कंडक्टरच्या हातात देतोय, म्हणजे उद्याच मिळेल. उद्या मला पहिली पाळी आहे, परवा मंगळवारी रजा टाकून मी स्वतः वही घेऊन सरांकडे येतो. तोवर भाऊजींना काहीही सांग, पण फॉर्म कोरा ठेव.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मामी तर बोलेनाशीच झाली. मग आज सकाळी तुझं पत्र पुन्हा हातात घेतलं आणि ठमीच्या बोलण्यापाशी अडकलो. तुझ्याकडं कोण येतच नाय. अगं, का येत नाही? ती पोर एका वाक्यात सांगून गेली आणि मी अठरा वर्षांचा नोंदणीस हातात वही धरून बसलो होतो! बाजूचा रकाना मी भरला होता, पण त्याची बेरीजच केली नव्हती. सवयीने लिहिला आणि सवयीने विसरलो.

आता बेरीज ऐक. तीन सामन्यांत समोरच्यांनी शहाण्णव वेळा चढाई केली. ठमीच्या बाजूने त्रेसष्ट, मधून बारा, तुझ्या बाजूने फक्त एकवीस. त्या एकविसांतल्या सोळा प्रत्येक सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांतल्या आहेत. म्हणजे येतात, तुझ्यापुढे दोनचारदा डोकं आपटून बघतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत! मग सगळा लोंढा बिचाऱ्या ठमीवर. ती एकतीस चेंडू हिसकावते, पण तिच्याकडून चौदा आत जातात आणि आपल्याला बसलेले तिन्ही गोल त्यातलेच. तुझ्या बाजूने गोलापाशी किती गेले? एकही नाही. मी चारदा मोजलं, मग मामीला मोजायला लावलं. तिचंही शून्यच आलं, आणि त्या आनंदात ती माझ्याशी बोलायला लागली.

तू चेंडू हिसकावत नाहीसच मुळी. स्टिक जमिनीला टेकवून, तिरकी उभी राहून, मागे मागे सरकतेस. समोरची कडेकडेने जात राहते आणि शेवटी चेंडू रेषेबाहेर, नाहीतर माघारी. असे बारा. त्यांच्यासाठी मी रकानाच आखला नव्हता, म्हणून ते कागदावर आलेच नाहीत. धरणाची भिंत कधी पाण्याच्या अंगावर धावून जात नाही, हे रोज तिच्यावरून चालणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. पोरी, माझं चुकलं. आकडे खरे होते, पण मी भलतंच मोजलं.

ठमीचं नाव काढा असं मात्र मी म्हणणार नाही. एवढा भार एकटीने झेलणारी मुलगी दुसरी दाखवा. दोघींना न्या असंच सांगणार आहे.

मामी नाचणीचे लाडू करतेय, येताना घेऊन येतो. लोभ आहे तसाच ठेव, फक्त तो मोजायला मला सांगू नकोस.

तुझा गुन्हेगार,
मामा


मुरबाड,
२७ नोव्हेंबर २०००

ती. शेखरमामा आणि ती. मामी यांस,
नम्रताचा साष्टांग, लोटांगण, जे असेल ते सगळं आणि जयभीम!

झाली! निवड झाली! माझी आणि ठमीची, दोघींची! आता क्रमाने लिहिते, नाहीतर तुम्हीच विचाराल की कितव्या मिनिटाला.

मंगळवारी तुम्ही गेल्यावर सर अर्धा तास तुमच्या वहीतली पानं उलटत बसले होते. मग त्यांनी ठाण्याला फोन केला. तिकडून उत्तर आलं, की आणायची तर आणा, शब्द देत नाही. तोवर टायपिंगचा फॉर्म कोराच राहिला. काल रविवारी निवडीचा सामना होता. एकट्या पोरीला कसं पाठवायचं म्हणून बाबा माझ्याबरोबर आले. त्यांनी आजवर मला खेळताना कधी पाहिलं नव्हतं.

निवड समितीतल्या बाईंनी तुमचा नवा कागद वाचला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, की कागद ठीक आहे, आता डोळ्यांनी बघू. पहिल्या दहा मिनिटांत माझ्याकडे सात चढाया आल्या. मी टेकवली स्टिक आणि सरकत राहिले. मग कुणी येईचना. मामा, त्या अर्ध्या तासात मी जितकी घाबरले तितकी जन्मात घाबरले नव्हते. पलीकडे ठमी झेपा घेतेय, टाळ्या पडताहेत आणि मी तिथं उभी. वाटलं, बाईंना दिसणार तरी काय? पळत जाऊन एखादीच्या अंगावर पडावं असं दहादा मनात आलं. पण तुमचं शून्य आठवलं आणि जागा सोडली नाही.

सामना संपल्यावर बाईंनी आमच्या समोर खेळलेल्या पाचही आघाडीच्या मुलींना बोलावलं. विचारलं, की उद्या पुन्हा सामना ठेवला, तर कोणत्या बॅकसमोर जायला नको वाटेल? पाचही जणींनी माझ्याकडे बोट केलं. एक तर पाणी पीत होती, तिने मागे न बघताच हात केला. ठमीने मला असं उचललं की माझी वेणी सुटली. नंतर यादी वाचली, तर ठमीचं नाव माझ्याही आधी होतं.

बाबांनी जागच्या जागी संमतीच्या कागदावर सही केली. पण येताना एसटीत ते तिकीट उलटंसुलटं करत बसले. मला वाटलं, सही करून पस्तावले. कल्याण गेल्यावर हळूच म्हणाले, की ठमी दोनदा पडली, घामाने भिजली, तिचं समजलं, पन तू तर कायच नाय केलंस गो, नुसती उभी व्हतीस, तुला कशी काय घेतली? मी इतकी हसले की कंडक्टर वळून बघायला लागला. घरी पोचेपर्यंत त्यांनी ते मला तीनदा विचारलं, आईला दोनदा, आणि आज सकाळी शेजारच्या पांडूकाकांनाही. पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे सामने नाशिकला आहेत. बाबांनी आताच रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. म्हणतात, मी नक्की काय करते ते आता एकदा नीट बघूनच येणार.

तुम्हा दोघांचा लोभ नाशिकपर्यंत पुरेल एवढा पाठवा.

तुमची,
नम्रता