दुसऱ्या चावीचं दावं

३ मार्च
गाडी यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरमधून परत आणली. एसीसाठी टाकली होती. आधी गार हवा कमी यायची, आता गरम येते. तिथल्या माणसाला दाखवलं तर म्हणतो, "मॅडम, ह्या मॉडेलले हे नॉर्मल आहे." मागच्या वेळी खडखड नॉर्मल होती, त्याआधी मधेच अडकणारी काच. धुऊन मात्र चकाचक देतात आणि पायाखाली 'धन्यवाद' छापलेला कागद अंथरतात. दिग्रस येईपर्यंत तो कागद टाचेनं फाडला. मुद्दाम.
ठरलं. ही विकायची. घ्यायची ती छोटी, लाल, टर्बोवालीच.

४ मार्च
प्रकाशला सांगितलं. नवऱ्याच्या तोंडून पहिला शब्द कोणता? "रिसेल?"
"लाल गाडी कोन घेते आपल्या इकडं? पांढरी घे. उभ्या उभ्या गिऱ्हाईक भेटते." दिवसभर जिनिंगमध्ये बसतो, कापूसच कापूस. पांढऱ्याशिवाय रंग दिसत नाही त्याला.
पुसदला माझ्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये, वानखडे सरांनीही तेच ऐकवलं. त्यांच्या गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच आहे. पाठ चिकटते, पण रिसेल! म्हटलं, "सर, मी घ्यायच्या आधीच तुम्ही विकून मोकळे झालात." हसले नाहीत. विषय त्यांच्यासाठी गंभीर आहे.

८ मार्च
शोरूम. बा सोबत. लेकीची गाडी बघायची म्हणून तांड्यावरून धुतलेलं धोतर नेसून आले.
दारव्हा रोडवर चालवून पाहिली. काय सांगू. पाय नुसता टेकवला आणि निघाली. वळणावर माझं मलाच हसू आलं. इतक्या वर्षांत कोणत्या वस्तूनं असं हसवलं? बा मागे गुडघे छातीशी घेऊन बसलेले. उतरल्यावर सेल्सवाल्याला विचारतात, "मालक, हे तुम्हीच वापस घेतली तं कितीले घेसान?"
"दादाजी, अजून इकली कुठं!" तो हसला. बा हसले नाहीत. तरुणपणी बैलांच्या बाजारात फिरलेला माणूस, दुसरं काय विचारणार.
सर्व्हिसचं विचारलं. "टेन्शनच नका घेऊ मॅडम, सगळं इथंच." माझा विश्वास उडालेला, म्हणून स्वतः मागे वर्कशॉपमध्ये गेले. तिथला म्हणतो, "टर्बो? त्याचा मेकॅनिक नागपूरवरून येते. आधी फोन करा लागते." एकाच छपराखाली पुढे गार हवेत एक कंपनी, मागे घामात दुसरी. पुढच्याला येऊन सांगितलं तर, "ते मागचे असंच बोलते."
तरी बुकिंग केलं. कारण ते वळण.
जुनी गाडी एक्सचेंजला. भाव चांगला धरला त्यांनी, पण दोन्ही चाव्या हव्यात आणि मार्च एंडिंगच्या आत. तो भाव मिळाला तरच लाल परवडते. नाही तर पांढरी, साधी.

१० मार्च
दुसरी चावी बाकडे तांड्यावर असते. फोन केला.
"एक चावी देऊन राह्यली ना तू? मंग दुसरी कायले?"
"बा, दोन्ही मागतात."
"जनावर इकलं तं दावं देत नाहीत."
मला वाटलं, चावीला बैलाची दोरी म्हणून गंमत करताहेत. फोन ठेवून दिला त्यांनी.

११ मार्च
सेल्सवाल्याला विचारलं, एका चावीवर चालेल का? भाव पाडणार म्हणाला. "हरवली का मॅडम?"
"हरवली नाही. वडील देत नाहीत."
"काहून?"
मी म्हटलं, "बैल..." आणि थांबले. एमएस्सी झालेली बाई यवतमाळच्या शोरूमला फोनवर बैलाचं दावं समजावून सांगणार! उद्या कळवते म्हटलं.

होळी
तांड्यात. लेंगीची होळीगाणी चाललेली, डफाच्या आवाजात भांडण. ओरडूनच बोलावं लागत होतं, त्यामुळे सगळ्या तांड्याला कळलं.
बाचं म्हणणं: इतके बैल विकले, एकाचं दावं दिलं नाही. दावं गेलं तर दावण रिकामी राहते, पुन्हा जनावर येत नाही.
"बा, बैल दुसऱ्या दाव्यानं चालते. गाडीले चावीच लागते."
"एकीनं चालत नाही काय?"
चालते. शेजारचे दोघं मान डोलवायला लागले, "बा बरोबर बोलून राह्यला." चिडून चहा न घेता निघाले. पोळी बांधून दिली होती, तीही राहिली.

२० मार्च
प्र. खूश. "बरंच झालं. पांढरी घे, जुनी राहू दे तांड्यावर बाले. कटकट नाही."
पांढरीची सर्व्हिस पुसदला, पार्ट कुठेही, रिसेल सोन्यासारखी. सगळं खरं. खरं आहे याचाच तर वैताग. दुपारी नकळत सेल्सवाल्याला विचारून बसले, पांढरी लगेच मिळेल का? "उद्या घेऊन जा मॅडम!" लाल म्हटल्यावर हा उत्साह कधी नव्हता.
लाज वाटली. माझी मलाच.

२४ मार्च
बाशी बोलणं नाही. फोन त्यांनी केला नाही, मीही नाही. एवढा हट्ट एका चावीसाठी? भांडण गाडीचं राहिलेलंच नाही आता. यांना मी काहीतरी माझ्या मनानं घेतलेलं बघवत नाही का, असंही वाटून गेलं. प्र. ला म्हटलं तर म्हणतो, बाचा स्वभाव तुला ठाऊक नाही का. ठाऊक आहे म्हणूनच.

२९ मार्च
सकाळी बाचा फोन. "येऊन जा." एवढंच.
गेले. बाजेवर चावी ठेवलेली. नुसती. आणि दाराजवळच्या खिळ्याला गोंडा: कवड्या, आरसे, लाल लोकर. याडीचा, माझ्या आईचा.
मी विसरूनच गेले होते की तो त्या चावीला असायचा. माझ्या चावीला शोरूमनं दिलेला चामड्याचा तुकडा. गाडी आली त्या आठवड्यात आईनं तो गोंडा केला होता, बैलांच्या शिंगांना करायची तसाच. शेवटचं नागपूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा पुढच्या सीटवर तोच मुठीत धरून बसली होती. रस्ताभर सोडला नाही.
इतके दिवस चावी चावी केलं मी. त्यांनीही गोंड्याचं नाव काढलं नाही.
"दावं म्या ठेवलं," बा म्हणाले. "जनावर घेऊन जा."
रडू आलं. त्यांनी तिकडं तोंड करून चहा मांडला.
चहा पिताना विचारलं, "बा, लाल घेऊ का पांढरी?"
"मले कायले इचारतं? चालवाची तुले हाय." मग कप विसळताना, "कोणतीबी आण. पयले इकडं आणजो. हे बांधून देतो."
निघताना गाडीत बसले तर ते दाराशी उभे. गाडीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. पुढची रिकामी सीट मलाही दिसली.
दिग्रसच्या अलीकडे सेल्सवाल्याचा फोन. "मॅडम, भेटली का चावी? उद्या गाडी लावून टाकू. लाल पण येऊन राह्यली."
"भेटली."
"मग उद्या?"
"उद्या सांगते," म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. महिनाभर ज्याच्यासाठी सगळ्यांशी भांडले ते समोर आलं, आणि मी उद्या सांगते.
दोन्ही चाव्या पर्समध्ये. एसी गरमच. काचा खाली करून घरी आले.